न मोजलेले २२२ यार्ड

माझा हिशेबाशी संबंध दोन वाटांनी आला. पोटासाठी एका कारखान्याच्या हिशेब खात्यात तीस वर्षं खतावण्या लिहिल्या आणि हौसेपोटी रविवारी मैदानाच्या कडेला टेबल टाकून क्रिकेटचं स्कोअरबुक लिहिलं. दोन्हीकडे एकच गोष्ट शिकलो. आकडा चुकत नाही, चुकतो तो आकडा कुठल्या खात्यात टाकायचा याचा निर्णय. हा लेख अशाच एका निर्णयाबद्दल आहे. तो घेतला गेला अमेरिकेत, त्याचा खेळ आपल्याला अनोळखी, पण त्यानं मला गेली काही वर्षं सोडलेलं नाही.

मित्राचा मुलगा ओक्लाहोमा राज्यातल्या स्टिलवॉटर या गावी शिकायला होता. सुट्टीत आला तेव्हा माझी खोड ठाऊक असल्यामुळे त्यानं सांगितलं, “काका, आमच्या विद्यापीठाच्या एका खेळाडूचा विक्रम १९८८पासून कुणाला मोडता आलेला नाही. पण तो आकडा नेमका किती, यावरच लोक वाद घालतात.” विक्रम आहे, पण किती ते ठरत नाही, हे ऐकल्यावर मला स्वस्थ बसवेना. तेव्हापासून मी अमेरिकन फुटबॉलचे हिशेब जमवू लागलो. खेळ प्रत्यक्ष मैदानात बसून मी आजवर पाहिलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

खेळाची तोंडओळख आधी करून देतो. मैदान शंभर यार्ड लांब. ज्याच्याकडे चेंडू आहे त्या संघाला चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढं सरकायचं असतं. सरकला तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू दुसऱ्याकडे. चेंडू पुढं नेण्याचे मार्ग दोन. एक, तो हवेतून साथीदाराकडे फेकायचा. दुसरा, तो काखेत धरून समोरच्या अकरा दांडगटांमधून पळायचं. पळणाऱ्या मुख्य खेळाडूला ‘रनिंग बॅक’ म्हणतात. प्रयत्न जिथून सुरू झाला ती रेषा आणि त्याला जिथं लोळवलं ती जागा, यांतलं अंतर त्याच्या नावावर यार्डांत जमा होतं. मागं ढकलला गेला तर तेवढे यार्ड वजा. शेवटची रेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे सहा गुण.

म्हणजे आपल्या क्रिकेटमधल्या धावेसारखंच यार्ड हे इथलं नाणं. पण या नाण्याचीही वेगवेगळी खाती आहेत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला चेंडू हातातून सुटण्याआधीच मागं लोळवलं, तर महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये ते गमावलेले यार्ड त्याच्या पळण्याच्या खात्यातून वजा होतात. व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र तेच यार्ड संघाच्या फेकीच्या खात्यातून वजा होतात. माणूस तोच, पडला त्याच जागी, पण ‘नावे’ टाकायचं पान वेगळं. हिशेबनीसाला यात नवल वाटत नाही, प्रेक्षकाला वाटतं.

आता तो खेळाडू. बॅरी सँडर्स, कॅन्सस राज्यातल्या विचिटा गावचा. उंचीनं बेताचा, पाच फूट आठ इंच. १९८६मध्ये तो ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठात दाखल झाला. तिथं त्याच्या जागेवर आधीच थर्मन थॉमस हा मातब्बर गडी होता. पहिली दोन वर्षं सँडर्स बदली खेळाडू म्हणून राहिला. थॉमस १९८७च्या हंगामानंतर बाहेर पडला आणि १९८८मध्ये जागा सँडर्सला मिळाली. पुढच्या वर्षी तो व्यावसायिक फुटबॉलमध्ये गेला. म्हणजे मुख्य रनिंग बॅक म्हणून त्याच्या हाती आलेला महाविद्यालयीन हंगाम एकच.

त्या एका हंगामाचे अकरा सामने मी वहीत उतरवून घेतले आहेत. मायामी (ओहायो) १७८, टेक्सस ए अँड एम १५७, टल्सा ३०४, कोलोरॅडो १७४, नेब्रास्का १८९, मिझुरी १५४, कॅन्सस स्टेट ३२०, ओक्लाहोमा २१५, कॅन्सस ३१२, आयोवा स्टेट २९३, टेक्सस टेक ३३२. बेरीज २,६२८. वाचकांनी हवं तर स्वतः करून पाहावी, मी तीनदा केली. एका सामन्यात शंभर यार्ड काढले की रनिंग बॅकचा दिवस चांगला गेला असं मानतात. इथं सर्वांत कमी आकडा १५४ आहे आणि तीनशेच्या वरचे सामने चार. पळून केलेले टचडाउन ३७. शिवाय प्रतिस्पर्ध्यानं लाथाडलेला चेंडू झेलून परत धावत केलेले दोन धरले तर एकूण ३९.

आक्षेप घेणारे म्हणतात, त्या वर्षी कॅन्सस आणि कॅन्सस स्टेट हे संघ अगदीच दुबळे होते. खरं आहे. कॅन्सस स्टेटनं त्या हंगामात एकही सामना जिंकला नाही, कॅन्ससनं एकच जिंकला. पण नेब्रास्का आणि ओक्लाहोमा हे बलाढ्य संघ होते. सँडर्सचा संघ या दोघांकडून हरला, तरी त्यानं त्यांच्याविरुद्ध १८९ आणि २१५ यार्ड काढलेच. शिवाय एक गोष्ट विसरता कामा नये. पळणाऱ्याच्या नावावर जमा होणाऱ्या यार्डांत पुढं वाट मोकळी करून देणाऱ्या पाच धिप्पाड गड्यांचा वाटा असतो, पण त्यांच्या नावावर एकही यार्ड लिहिला जात नाही. हिशेबाच्या वहीत काही माणसांची पानंच नसतात.

अकरावा सामना झाला जपानमध्ये, टोकियोच्या बंदिस्त मैदानावर. तिथं उतरताना सँडर्सच्या खात्यावर २,२९६ यार्ड होते. तेव्हाचा विक्रम मार्कस ॲलनचा, १९८१चा, २,३४२ यार्डांचा. ४७ यार्ड हवे होते, सँडर्सनं ३३२ काढले. महाविद्यालयीन फुटबॉलमधला सर्वोच्च मान असलेला हाइझमन करंडक त्याला जाहीर झाला तेव्हाही तो टोकियोतच होता.

इथवर सगळं सरळ आहे. गुंता पुढं आहे.

३० डिसेंबर १९८८ला सँडर्सच्या संघानं आणखी एक सामना खेळला. नेहमीचा हंगाम संपल्यावर निवडक संघांना खास सामन्यांचं आमंत्रण मिळतं. त्यांना ‘बोल’ म्हणतात. बोल म्हणजे वाडगा. कॅलिफोर्नियातलं पासाडिनाचं रोझ बोल मैदान वाडग्याच्या आकाराचं, त्यावरून पुढं अशा सगळ्याच सामन्यांना हे नाव चिकटलं. सॅन डिएगोच्या हॉलिडे बोलमध्ये ओक्लाहोमा स्टेटनं वायोमिंगला ६२–१४ असं हरवलं. सँडर्सनं त्यात २२२ यार्ड आणि पाच टचडाउन केले. हे यार्ड सगळ्यांनी पाहिले, वर्तमानपत्रांत छापून आले. पण अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांची नियामक संस्था एनसीएए, तिच्या विक्रमांच्या पुस्तकात ते धरले गेले नाहीत.

कारण साधं होतं. त्या काळी बोल सामना म्हणजे हंगामानंतरचा प्रदर्शनी सामना, एक प्रकारचं बक्षीस, असं मानलं जाई. सगळ्या संघांना तो मिळत नसे. मग ज्याला मिळाला त्याचे आकडे वाढणार आणि ज्याला नाही त्याचे नाही, हे बरोबर नव्हे, असा विचार त्यामागं होता. संघांची अखेरची क्रमवारीसुद्धा एके काळी बोल सामन्यांच्या आधीच जाहीर होत असे. नियम सगळ्यांना सारखाच लागू होता. मार्कस ॲलनचा २,३४२चा आकडाही बोल वगळूनच होता. म्हणून सँडर्सवर अन्याय झाला असं १९८८ साली कुणी म्हणण्याचं कारण नव्हतं.

अन्याय सुरू झाला २००२मध्ये, आणि तोही चांगल्या हेतूनं. त्या वर्षापासून एनसीएएनं बोल सामन्यांचे आकडे धरायला सुरुवात केली. विचार बरोबरच होता. हे सामने आता प्रदर्शनी राहिले नव्हते, विजेतेपदाचा निकालच त्यांत लागू लागला होता. पण नियम पुढच्यांसाठी लागू झाला, मागच्यांची पानं तशीच राहिली. ज्यांनी खाती लिहिली आहेत त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. हिशेबाची पद्धत मध्येच बदलायची आणि मागची शिल्लक जुन्या पद्धतीनंच पुढं ओढायची. मग ताळेबंदात एकाच ओळीत दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी बसतात आणि वाचणाऱ्याला वाटतं की ते एकाच मापाचे आहेत.

याचा सर्वांत जास्त फटका बसला तो रॉन डेनला. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या या खेळाडूनं १९९६ ते १९९९ या चार हंगामांत पळून ७,१२५ यार्ड केले. त्यांतले ७२८ बोल सामन्यांतले. ते वगळून पुस्तकात आकडा बसला ६,३९७. २०१६मध्ये सॅन डिएगो स्टेटचा डॉनेल पम्फ्री या आकड्याच्या जवळ आला. शेवटच्या सामन्याआधी त्याचे ६,२९० झाले होते, १०८ हवे होते. त्यानं ११५ काढले आणि ६,४०५वर थांबला. आठ यार्डांनी विक्रम त्याचा झाला. आता हा शेवटचा सामना कुठला? लास वेगास बोल. म्हणजे डेनचे बोलमधले ७२८ यार्ड ज्या पुस्तकात धरले नाहीत, त्याच पुस्तकात पम्फ्रीचे बोलमधले ११५ धरले आणि त्या ११५मुळेच विक्रम हातचा गेला. डेनचे चाहते आजही ७,१२५च सांगतात. पम्फ्रीची यात काय चूक? त्यानं आपल्या काळच्या नियमानं आपले यार्ड काढले. चूक कुणाचीच नाही, तरी हिशेब बसत नाही.

बचाव करणाऱ्यांची गत याहून वाईट. क्वार्टरबॅकला मागं लोळवण्याला ‘सॅक’ म्हणतात. अलाबामाच्या डेरिक थॉमसनं त्याच १९८८च्या हंगामात २७ सॅक केले, असं त्याच्या विद्यापीठाची नोंद सांगते. पण बचावपटूंची वैयक्तिक आकडेवारी एनसीएए अधिकृतपणे धरू लागली ती २०००पासून. म्हणून अधिकृत विक्रम आहे ॲरिझोना स्टेटच्या टेरेल सग्जचा, २००२चा, २४ सॅकचा. सत्तावीस हे चोविसापेक्षा जास्त, एवढं पहिलीतलं पोरही सांगेल. पण पुस्तक उघडायच्या आधी जे घडलं ते पुस्तकाच्या लेखी घडलेलंच नाही.

आता परत सँडर्सकडे. त्याचा २,६२८चा विक्रम मोडायला पुढं अनेकजण धावले. विस्कॉन्सिनचा मेल्विन गॉर्डन २०१४मध्ये २,५८७वर पोचला. बोइसी स्टेटचा ॲश्टन जेंटी २०२४मध्ये तर फारच जवळ आला. शेवटच्या सामन्याआधी त्याचे २,४९७ होते. पेन स्टेटविरुद्ध १३२ मिळाले असते तर विक्रम त्याचा होता. मिळाले १०४. २,६०१वर तो थांबला, २८ यार्ड कमी. दोघांच्याही आकड्यांत बोल सामना धरलेला आहे आणि दोघांनाही चौदा सामने मिळाले. सँडर्सला धरले गेले ते अकरा. आता नेहमीचा हंगामच बारा सामन्यांचा असतो, वर विभागाचा अंतिम सामना, वर बोल.

सरासरी काढून पाहू. सँडर्स, दर सामन्याला जवळजवळ २३९ यार्ड. जेंटी, १८६च्या आतबाहेर. गॉर्डन, १८५च्या जरा खाली. जेंटीचे बारा सामन्यांनंतर २,२८८ झाले होते. बोल धरला तर सँडर्सचेही सामने बाराच होतात आणि यार्ड २,८५०. म्हणजे एका मापानं पाहिलं तर जेंटीला विक्रम २८ यार्डांनी हुकला, आणि दुसऱ्या मापानं पाहिलं तर दोन सामने जास्त खेळूनही तो जवळपास अडीचशे यार्ड मागं होता. दोन्ही वाक्यं खरी आहेत. पण त्या वर्षअखेरीला चर्चा झाली ती पहिल्याचीच, कारण पुस्तकात २,६२८ आहे.

एक विक्रम मात्र सँडर्सच्या हातून गेला. पळणं, झेलणं, चेंडू परत आणणं हे सगळं मिळून एका हंगामात त्याचे ३,२५० यार्ड होते. २०१५मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मॅकॅफ्रीनं ३,८६४ केले, चौदा सामन्यांत. त्यानं बोलच्या आधीच सँडर्सला मागं टाकलं होतं, हेही नोंदवायला हवं. दर सामन्याच्या सरासरीत मात्र सँडर्स आजही पुढं आहे, २९५ विरुद्ध २७६. आणि गंमत अशी की ओक्लाहोमा स्टेटच्या सबंध कारकिर्दीच्या यादीत सँडर्स पहिला नाहीच. तिथं थर्मन थॉमस आहे, ४,५९५ यार्डांचा. दोन वर्षं ज्याच्या मागं बसून सँडर्सनं वाट पाहिली, तोच त्या पानावर त्याच्या पुढं आहे. एक पान एक सांगतं, दुसरं पान दुसरं.

हे वाचताना मला आपल्या भाऊसाहेब निंबाळकरांची आठवण होणं साहजिक होतं. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. कोल्हापूरचे भाऊसाहेब ४४३वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२पासून नऊ धावा दूर. मध्यंतरात काठियावाडच्या संघानं पुढं खेळायलाच नकार दिला आणि सामना सोडून दिला. भाऊसाहेब ४४३वरच राहिले. त्यांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. तिथं निदान सगळं डोळ्यांसमोर झालं, सामना सोडणारे माणसं होते, दोष कुणाला द्यायचा ते कळत होतं. सँडर्सच्या आणि डेनच्या बाबतीत समोर कुणीच नाही. समोर आहे एक नियम आणि त्याची तारीख.

स्वतः सँडर्सला याचं काय वाटतं, असं कुणी विचारील. त्याचं उत्तर त्याच्या वागण्यात आहे. १९८९मध्ये तो डेट्रॉईटकडून व्यावसायिक फुटबॉल खेळू लागला. पहिल्याच हंगामाच्या अखेरच्या सामन्यात देशात सर्वाधिक यार्डांचा मान मिळायला त्याला अकरा यार्ड हवे होते. सामना हातात आला होता, प्रशिक्षकानं विचारलं, जातोस का? तो गेला नाही. ख्रिश्चन ओकोये १,४८०वर पहिला आला, सँडर्स १,४७०वर दुसरा. पुढं १९९९मध्ये, वॉल्टर पेटनचा सर्वकालीन विक्रम १,४५७ यार्डांवर असताना, म्हणजे त्याच्या लेखी साधारण एका हंगामाच्या अंतरावर, तो निवृत्त झाला. ज्याला आकड्याची हाव नाही त्याच्याच आकड्यावर आम्ही हिशेबनीस इतकी वर्षं भांडतो आहोत.

मग भांडायचं कशाला? या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला माझ्याच एका स्कोअरबुकाकडे जावं लागतं.

१९९१ साल. आमच्या तालुक्यात टेनिस चेंडूची स्पर्धा होती, मी स्कोअरर. मालिकेत सर्वाधिक धावा काढणाऱ्याला सायकल बक्षीस होती. छापील नियमांत ‘साखळी सामन्यांतील धावा’ असे शब्द होते. साखळीत एका मुलाच्या दुसऱ्यापेक्षा सहा धावा जास्त होत्या. त्या दुसऱ्या मुलानं अंतिम सामन्यात एकाहत्तर काढल्या आणि संघाला जिंकून दिलं. टाळ्या त्याच्या, खांद्यावर घेतलं त्याला, पण सायकल दुसऱ्याला गेली. आयोजकांनी मला विचारलं, नियम काय म्हणतो? मी नियम वाचून दाखवला आणि सही केली. तो मुलगा टेबलाजवळ आला आणि माझ्या वहीत डोकावून म्हणाला, “दादा, मग या एकाहत्तर कुठं गेल्या?” मी त्याला नियम परत वाचून दाखवला. पुढच्या वर्षी आयोजकांनी शब्द बदलले, ‘सर्व सामन्यांतील धावा’ असे केले. त्याच्यासाठी नव्हे, पुढच्यांसाठी.

माझी सही चुकीची नव्हती, असं मी आजही म्हणेन. खेळ सुरू झाल्यावर नियम बदलला तर तो नियमच राहत नाही. पण त्याच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही, नियम दिला. दोन्हींत फरक आहे हे समजायला मला स्टिलवॉटरच्या हिशेबापर्यंत जावं लागलं.

यावर माझ्या मते उपाय अवघड नाही आणि त्यासाठी कुणाचा विक्रम काढून घ्यायचीही गरज नाही. आकड्यासोबत त्याचं माप लिहावं. २,६२८, अकरा सामने, बोल वगळून. २,८५०, बारा सामने, बोल धरून. ६,४०५, बोल धरून. ७,१२५, बोल धरून. ६,३९७, वगळून. सॅक २७, अधिकृत मोजणीपूर्वी. एवढे चार शब्द पुढं लिहिले की वाद निम्मा मिटतो आणि उरलेला निम्मा चहा पिताना घालायला बरा असतो. ताळेबंदाखाली टिपा असतात त्या उगाच नसतात. वाचणाऱ्याची फसवणूक होऊ नये, आणि ज्यानं काम केलं त्याचं काम कुठं गेलं हे त्याला दिसावं, यासाठी असतात.

मी माझ्यापुरतं केलं आहे. १९९१चं ते स्कोअरबुक माळ्यावरून काढलं. पानं पिवळी पडली आहेत, पण पेन्सिल शाबूत आहे. त्या मुलाच्या नावापुढं साखळीची बेरीज होती, तिच्या खाली दुसरी ओळ काढली, अंतिम सामना धरून, आणि एकाहत्तर मिळवून बेरीज लिहिली. सायकल त्यामुळे परत येत नाही. तो आता पंचेचाळिशीच्या पुढचा असेल, कुठं असतो मला माहीत नाही. पण कधी आला आणि विचारलं, तर यावेळी नियम वाचून दाखवणार नाही. पान उघडून त्याच्यापुढं ठेवीन.